स्पर्शाचें गणित

श्रोतेहो, माझा हा आवाज ज्या लहरींवर आरूढ होऊन आपल्या घरांत येत आहे, त्यांचें अस्तित्व प्रयोगानें सिद्ध करणाऱ्या हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचें नांव आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. १८८६ ते १८८८ या काळांत कार्ल्सरूह येथें त्यानें केलेले ते प्रयोग जगप्रसिद्ध आहेत, आणि लहरींची कंपनसंख्या ज्या मापानें मोजतात त्या मापासहि त्याचेंच नांव दिलेलें आहे. परंतु आज मला बोलावयाचें आहे तें त्याच्या दुसऱ्याच एका कामाविषयीं. तें काम त्यानें वयाच्या तेविसाव्या वर्षीं, नाताळच्या सुटींत केलें. आज मोटारीचा सांगाडा, गुडघ्याचा कृत्रिम सांधा किंवा आगगाडीचें चाक यांची परीक्षा प्रत्यक्ष वस्तु घडविण्यापूर्वीं गणकयंत्रावर होते. ही परीक्षा करणारा प्रत्येक अभियंता, जाणून अथवा नकळत, त्या सुटींतील कामाचा ऋणी आहे.

प्रश्न दिसावयास अगदीं साधा. दोन घन वस्तु एकमेकींस टेकल्या, तर त्या नेमक्या कोठें टेकतात आणि किती जागेवर? टेबलावर ठेवलेली काचेची गोटी घ्या. भूमितीचें पुस्तक सांगेल कीं, गोल आणि सपाट पृष्ठ यांचा स्पर्श एकाच बिंदूंत होतो. बिंदूस लांबी नाहीं, रुंदी नाहीं. मग गोटीचा सारा भार शून्य क्षेत्रफळावर पडला, म्हणजे तेथील दाब अनंत झाला! अनंत दाबाखालीं कोणतीहि काच टिकावयाची नाहीं. गोटी तर टेबलावर स्वस्थ पडलेली आहे. भूमिति आणि अनुभव यांच्यामधील या तंट्याचा निवाडा हर्ट्झनें केला.

१८८० सालीं तो बर्लिन येथें हेल्महोल्ट्झ या थोर आचार्याचा साहाय्यक होता. तेथील भौतिकशास्त्र मंडळांत न्यूटनच्या वलयांची चर्चा चालली होती. एका भिंगावर दुसरें भिंग ठेवून त्यांवर प्रकाश पाडला, म्हणजे दोहोंमधील हवेच्या अत्यंत पातळ थरामुळें जीं रंगीत वलयें दिसतात, तींच हीं. हर्ट्झच्या मनांत असें आलें कीं, भिंगें एकत्र धरण्यासाठीं आपण तीं दाबतों. त्या दाबानें काच किंचित् दबत असली पाहिजे, आणि ती दबत असेल तर वलयांची आकृतीहि बदलत असली पाहिजे. इतरांनीं हा फरक क्षुल्लक म्हणून सोडून दिला असता. यानें त्याचेंच गणित मांडलें, आणि जानेवारी १८८१ मध्यें आपला निबंध मंडळापुढें वाचला.

त्याचा निष्कर्ष असा कीं, स्पर्श बिंदूंत होतच नाहीं. दोन्ही वस्तु एकमेकींस दाबून जागा करून देतात आणि मध्यें एक लहानशी चकती तयार होते. सर्वसाधारण वक्र पृष्ठांसाठीं ती लंबवर्तुळाकृति, आणि दोन गोलांसाठीं वर्तुळाकृति. याहून विलक्षण आहे तें तिच्या वाढीचें प्रमाण. गोलावरील भार आठपट करा : चकतीची त्रिज्या दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट होतें, आणि मध्यावरचा दाब मात्र केवळ दुपटीनें वाढतो. दोन्ही वस्तु एकमेकींकडे जेवढ्या सरकतात तें अंतरहि चौपटच होतें, आठपट नव्हे. ओझें वाढतें तसतशी तें पेलणारी जागाहि वाढते. साध्या स्प्रिंगेवर दुप्पट वजन टांगलें कीं ती दुप्पट ताणते. स्पर्शाचा व्यवहार इतका सरळ नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें गणकयंत्रास सर्वांत जास्त त्रास झाला तो हिच्यामुळेंच.

छर्ऱ्यांच्या बेअरिंगांचें शास्त्र या पायावर उभें राहिलें. जर्मनींत श्ट्रिबेक यानें १९०१ च्या सुमारास त्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. आपणां शहरवासीयांच्या अधिक जवळचें उदाहरण रुळाचें. लोकलगाडींत उभ्यानें प्रवास करणाऱ्या श्रोत्यांनीं मनांत आणावें कीं, आपल्या डब्याचें एकेक चाक रुळास टेकतें तें सुमारें एक चौरस सेंटिमीटर जागेवर, म्हणजे एखाद्या लहान नाण्याएवढ्या जागेवर; आणि तेवढ्याशा जागेवर कांहीं टनांचा भार असतो. त्यांतून पोलादाच्या पोटांतील सर्वांत मोठा कातर ताण पृष्ठभागावर नसून त्याखालीं, वर्तुळाकार चकतीच्या त्रिज्येच्या सुमारें निम्म्या खोलीवर असतो. चाकामागून चाक जातें, दिवसामागून दिवस जातो, आणि भेग कधीं आंतून, तर चाकाच्या ओढीमुळें कधीं पृष्ठभागावरूनच वाढूं लागते.

याची किंमत काय पडते तें इंग्लंडांत १७ ऑक्टोबर २००० रोजीं दिसून आलें. लंडनहून लीड्सकडे जाणारी गाडी हॅटफील्डनजीक घसरली. चार माणसें दगावलीं आणि सत्तराहून अधिक जखमी झालीं. चाकांच्या स्पर्शानें रुळाच्या डोक्याच्या आंतल्या कडेस सूक्ष्म भेगा पडल्या होत्या, आणि गाडीखालीं त्या रुळाचे तीनशेंहून अधिक तुकडे झाले. येथें गणित चुकलें नव्हतें, हेंहि सांगितलें पाहिजे. भेगा ठाऊक होत्या, रूळ बदलावयास हवा हेंहि ठाऊक होतें. तो बदललेला नव्हता, एवढेंच. त्यानंतर देशभर शेंकडों ठिकाणीं गाड्यांचा वेग उतरविण्यांत आला, तेव्हां नाण्याएवढ्या त्या जागेचें महत्त्व वर्तमानपत्रांच्या वाचकांसहि कळून आलें.

आतां या रुळाच्या कडेपाशींच हर्ट्झचें सूत्र अडखळतें. सूत्र रचतांना त्यानें कांहीं अटी घातल्या होत्या : पृष्ठभाग गुळगुळीत, घर्षण मुळींच नाहीं, पदार्थ स्थितिस्थापक, आणि स्पर्शाची चकती वस्तूंच्या मानानें फार लहान. सपाट रुळावरच्या चाकास हें बरेंचसें लागू पडतें. परंतु चाकाची वक्र कड रुळाच्या वक्र कोपऱ्यांत चपखल बसूं लागली, किंवा भोंकांत खुंटी बसविली, कीं स्पर्श लांबवर पसरतो आणि शेवटची अट सुटते. घर्षणाचा प्रश्न इंग्लंडांत कार्टर यानें १९२६ सालीं इंजिनाच्या चाकासाठीं, आणि पुढें हॉलंडांत कॅल्कर यानें सविस्तर सोडविला. तथापि कोणत्याहि आकाराची वस्तु घेतली तर काय करावयाचें, हा मूळ प्रश्न उरलाच.

तो प्रश्न नेमक्या शब्दांत मांडण्याचें श्रेय आन्तोनिओ सिन्योरीनी या इटालियन गणितज्ञाकडे जातें. साल १९३३. गणिताच्या नेहमींच्या रीतींत वस्तूच्या पृष्ठभागाविषयीं आधींच सांगावें लागतें कीं, या भागीं ती जखडलेली आहे आणि या भागीं मोकळी आहे. टणक व गुळगुळीत बैठकीवर ठेवलेल्या लवचीक वस्तूविषयीं हें आधीं सांगतांच येत नाहीं. प्रत्येक ठिकाणीं दोहोंपैकीं एक गोष्ट खरी : एक तर फट आहे आणि दाब शून्य आहे, नाहीं तर दाब आहे आणि फट शून्य आहे. शिवाय दाब ढकलूं शकतो, ओढूं शकत नाहीं. कोणत्या ठिकाणीं यांपैकीं काय आहे तें उत्तर मिळाल्यावर कळणार, आणि तें आधीं कळल्याखेरीज उत्तर मिळणार नाहीं. आपल्याकडे म्हण आहे कीं, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं; सिन्योरीनीचा प्रश्न अगदीं याच जातीचा. म्हणूनच त्यानें या अटींस संदिग्ध अटी म्हटलें.

या प्रश्नास उत्तर आहे, आणि तें एकच आहे, हें सिद्ध करावयास तीस वर्षें लागलीं. सिद्ध केलें तें सिन्योरीनीचाच शिष्य गाएतानो फिकेरा यानें, १९६३ च्या आरंभीं. त्या वेळीं गुरु मृत्युशय्येवर होता. फेब्रुवारींत त्याचें निधन झालें. परंतु आपला प्रश्न सुटला आणि तो आपल्या शिष्यानें सोडविला, हें त्यास जाण्यापूर्वीं समजलें होतें, व त्याचा त्यास फार संतोष झाला होता. फिकेरानें त्या प्रश्नास गुरूचेंच नांव दिलें. गणिताच्या इतिहासांत असे प्रसंग थोडे. फिकेराच्या त्या सिद्धतेंतून पुढें गणिताची एक नवी शाखाच निघाली, परंतु मला या कथेंतील माणसेंच अधिक मोलाचीं वाटतात.

इकडे अटलांटिकच्या पलीकडे निराळीच धडपड चालू होती. विमानाच्या पंखासारख्या गुंतागुंतीच्या वस्तूचें गणित एकाच सूत्रांत बसत नाहीं. तेव्हां वस्तूचे लहान लहान तुकडे पाडावे, प्रत्येक तुकड्याचें सोपें गणित मांडावें, आणि तीं सर्व एकमेकांस जोडावीं, ही कल्पना पुढें आली. रिचर्ड कूरांट यानें १९४३ सालीं छापलेल्या एका निबंधांत क्षेत्राचे त्रिकोण पाडून हें करून दाखविलें. बोइंग विमान कंपनींतील टर्नर व टॉप आणि विद्यापीठांतील क्लफ व मार्टिन यांचा निबंध १९५६ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि १९६० मध्यें क्लफनें या रीतीस जें नांव दिलें त्याचा अर्थ ‘मर्यादित आकाराचे घटक’ असा होतो. या रीतींत तुकड्यांचे कोपरे मिळून जें जाळें होतें, त्याच्या प्रत्येक सांध्याचें सरकणें हीच अज्ञात राशि असते. अमुक भार दिला तर प्रत्येक सांधा किती सरकेल, एवढें यंत्र काढतें. ताण, दाब वगैरे पुढचें सारें त्या सरकण्यावरून निघतें. अशीं समीकरणें हजारोंनीं असतात, म्हणून गणकयंत्राशिवाय हा उद्योग व्यर्थ. १९७० सालीं जॉन स्वान्सन यानें, आणि १९७८ सालीं हिबिट, कार्लसन व सोरेन्सन या त्रयीनें, अशा आज्ञावली, ज्यांस आपण आतां सॉफ्टवेअर म्हणतों, विकावयास आरंभ केला.

परंतु गणकयंत्रास दोन गोष्टींचें उपजत ज्ञान नसतें, आणि त्या दोन्ही गोष्टी तान्ह्या मुलासहि ठाऊक असतात. पहिली अशी कीं, वस्तु कोठेंतरी टेकलेली असते. अवकाशांत सुट्या वस्तूस सहा प्रकारें हालतां येतें : तीन दिशांस सरकणें आणि तीन अक्षांभोवतीं फिरणें. त्या साही प्रकारांस कोठें ना कोठें अडसर घातला नसेल, तर समीकरणांस एकच असें उत्तर उरत नाहीं. मग यंत्र एक तर हात टेकतें, अथवा एखादा स्क्रू आपल्या जागेपासून कित्येक कोसांवर जाऊन पडला आहे असें गंभीरपणें सांगतें.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन वस्तु एकाच जागीं राहूं शकत नाहींत. भुताखेतांच्या गोष्टींत पिशाच्च भिंतींतून आरपार निघून जातें, त्याचप्रमाणें यंत्राच्या जगांत खुंटी कडीच्या पोलादांतून आरपार जाते. स्पर्श ही वस्तुस्थिति नसून ती एक सूचना आहे, आणि ती माणसानें द्यावी लागते.

ही सूचना कशी द्यावी याचे दोन मुख्य मार्ग पडले. एक दंडाचा. एक पृष्ठ दुसऱ्यांत घुसूं लागलें, कीं मध्यें कल्पित स्प्रिंग उभी करावयाची आणि जितकें अतिक्रमण अधिक तितका जोराचा धक्का द्यावयाचा. या दंडाची कल्पनाहि कूरांटच्या १९४३ च्याच निबंधांत आढळते. स्प्रिंग मऊ असली तर वस्तु एकमेकींत रुततात. फार ताठर असली तर समीकरणें बिथरतात आणि उत्तर थरथरूं लागतें. दुसरा मार्ग लाग्रांजचा, ज्याचा यंत्रशास्त्रावरील ग्रंथ १७८८ सालचा : स्पर्शाचा दाब हीच आणखी एक अज्ञात राशि धरावयाची, म्हणजे अतिक्रमण काटेकोरपणें शून्य होतें, परंतु समीकरणें वाढतात. आजच्या आज्ञावली बहुधा दोहोंचें मिश्रण वापरतात, आणि कोणतें पृष्ठ टेकलें व कोणतें सुटलें हें अंदाजानें धरून, उत्तर काढून, अंदाज सुधारून पुन्हां काढतात. सिन्योरीनीचें तें वेड आणि तें लग्न यंत्र असें थोडथोडें जुळवीत नेतें.

या कलेस मोठी चालना मिळाली ती, सांगावयास खेद वाटतो, संहाराच्या कामांतून. कॅलिफोर्नियांतील लिव्हरमोर प्रयोगशाळेंत जॉन हॉलक्विस्ट यानें १९७६ सालीं जी आज्ञावली रचली, तिचा हेतु विमानांतून टाकलेला अण्वस्त्राचा गोळा जमिनीवर आदळतांना त्याचें काय होतें हें पाहण्याचा होता. तिच्यांत टेकणाऱ्या दोन पृष्ठांपैकीं एकास ‘स्वामी’ व दुसऱ्यास ‘दास’ म्हणत. दासाचे सांधे स्वामीच्या पृष्ठांत शिरतात कीं काय तें तपासावयाचें. कांहीं आज्ञावलींनीं अलीकडे हीं नांवें टाकून दिलीं, तें बरें झालें. १९७८ मध्यें ती आज्ञावली इतरांसहि खुली झाली. पुढें १९८६ मध्यें फ्रान्समधील एका आज्ञावलीच्या साहाय्यानें फोक्सवागेनची पोलो मोटार ताशीं ५० किलोमीटर वेगानें काँक्रीटच्या भिंतीवर आदळविण्यांत आली, आणि ती केवळ गणकयंत्रांत. चुरगळतांना पत्रा पत्र्यावर कोठें टेकेल हें कोणी आधीं सांगूं शकत नाहीं. हर्ट्झच्या सूत्रास तर तेथें प्रवेशच नाहीं. बॉम्बसाठीं जन्मलेल्या या विद्येनें मोटारींत बसणारीं माणसें वांचविण्याचें काम पत्करलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. कडींत बसविलेली २० मिलिमीटर व्यासाची पोलादी खुंटी घ्या. पहिला धोका असा कीं, पुष्कळ आज्ञावली एकमेकांस लागून असलेले भाग आपण होऊन डिंकानें चिकटविल्याप्रमाणें जोडून टाकतात. खुंटी ओढली कीं तिची एक बाजू कडीस दाबते आणि दुसऱ्या बाजूस फट पडते. चिकटविलेल्या प्रतिकृतींत ती फट पडतच नाहीं, दुसरी बाजूहि ओढ घेते, आणि कडी आहे त्याहून मजबूत दिसते. चित्र रंगीत येतें, आंकडे दशांश चिन्हापुढें चार घरांपर्यंत येतात, यंत्र कोणताहि इशारा देत नाहीं. नापास करावयाची कडी पास होते ती अशी. आणि त्या कडीस उद्यां कोणाचा तरी पाळणा, कोणाची तरी लिफ्ट टांगावयाची असते.

दुसरा धोका जाळ्याचा. वर्तुळ यंत्रास पुष्कळदां बहुभुजाकृतीच्या रूपानें समजतें. आपल्या खुंटीभोवतीं २४ तुकडे पाडले, तर प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर खरें वर्तुळ व सरळ भुजा यांच्यांत सुमारें ०.०९ मिलिमीटर अंतर राहतें. खुंटी व भोंक यांच्यामध्यें कारागिरानें ०.०२ मिलिमीटर मोकळीक ठेवली असेल, तर खोटी फट खऱ्या फटीच्या चौपटीहून अधिक झाली! कोठें कोपरा पोलादांत रुतलेला, कोठें भुजा अधांतरीं. भार देण्यापूर्वींच यंत्र ताण दाखवूं लागतें.

तिसरी गोष्ट धोक्याची नव्हे, युक्तीची. आणि अनुभवी माणूस नवशिक्यास प्रथम हीच सांगतो. खुंटी व कडी यांच्यांत आरंभीं केसाएवढी फट असेल आणि आपण खुंटीवर एकदम भार घातला, तर टेकण्यापूर्वीं तिला अडविणारें कांहींच नसतें; ती सुटी वस्तु ठरते आणि यंत्र हात टेकतें. म्हणून प्रथम भार द्यावयाचाच नाहीं. खुंटीस अमुक इतकें अंतर सरक, अशी आज्ञा द्यावयाची. अंतर ठरविलेलें असल्यामुळें ती भरकटूं शकत नाहीं. ती कडीस हलकेच टेकली, स्पर्श जागा झाला, म्हणजे मग अंतराची आज्ञा काढून घेऊन खरा भार थोडथोडा वाढवीत न्यावयाचा. आपण तरी अंधारांत भिंतीशीं टेकून बसावयाचें झालें तर निराळें काय करतों? आधीं हळूच मागें सरकतों, पाठीस भिंत लागली कीं मग अंग टाकतों.

आणि एवढें करूनहि उत्तर खरें कशावरून? येथें पुन्हां बर्लिनचा तो तेवीस वर्षांचा तरुण भेटतो. पुढें त्याचें आयुष्य फार उरलें नव्हतें; १ जानेवारी १८९४ रोजीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, तो वारला. गणकयंत्र त्याच्या स्वप्नांतहि नव्हतें. परंतु स्पर्शाची नवी आज्ञावली हातीं आली, किंवा जुनीवर नवा माणूस बसला, म्हणजे पहिलें काम आजहि तेंच सांगतात : एक पोलादी गोल सपाट ठोकळ्यावर ठेवा, अटी घाला, आधीं अंतरानें टेकवा, मग भार द्या, आणि चकतीची त्रिज्या हर्ट्झच्या सूत्राशीं ताडून पाहा. नंतर भार आठपट करा. त्रिज्या दुप्पट झाली नाहीं, तर खरी कडी किंवा खरा सांधा हातीं घेत नाहींत. तें जाळें आणि त्या अटी पुन्हां उघडतात, आणि कोणतें पृष्ठ कोठें टेकविलें होतें तें पहिल्यापासून तपासूं लागतात.